साडेचार एकर, तीन घोड्या आणि एक नर: नागपूरकडच्या कळमेश्वरजवळचं एक प्रकरण

या प्रकरणात एक चूक माझी आहे, ती आधी सांगतो. जानेवारीत मी त्या फार्मवर धनुर्वाताच्या लसी द्यायला गेलो होतो. मालकांनी, त्यांना सगळे काकाजी म्हणतात, घोड्यांमध्ये बागडणाऱ्या तेरा महिन्यांच्या शिंगराकडे बोट दाखवून विचारलं, "याला वेगळं कधी करायचं?" मी म्हणालो, "दीड वर्षाचं होऊ द्या, घाई नाही." लस टोचून निघून आलो. त्याच दिवशी तबेल्याच्या कोपऱ्यात अगाडी-पिछाडीने (पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून) बांधलेला नवा नर घोडाही पाहिला होता. समोर पंधरा हातांवर तीन घोड्या चरत होत्या आणि तो त्यांच्याकडे बघत जागच्या जागी टापा आपटत होता. त्याबद्दलही मी काही बोललो नाही. पुढे जे घडलं त्याची दोन्ही बीजं त्या अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांसमोर होती.

जागा आणि जनावरं

कळमेश्वरच्या पुढे आत गेलं की साडेचार एकरांचं हे वावर लागतं. दोन एकर संत्रा. एक एकरात घर, विहीर, कडब्याची गंजी आणि चार ठाणांचा तबेला. उरलेलं दीड एकर घोड्यांना. त्यातला पश्चिमेकडचा तुकडा उंच आणि मुरमाड, बाकी काळी कसदार जमीन. भोवती काटेरी तारेच्या चार ओळी, सिमेंटच्या खांबांवर. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे तिच्यातला खांब दोन वर्षांत कलतो. इथले निम्मे खांब कललेले होते.

घोड्या तीन. चौदा वर्षांची मुश्की (काळी), शांत पण करारी, घरातल्या मोठ्या जावेसारखी. तिचं कुणी ऐकलं नाही असं होत नसे. आठ वर्षांची कुमैत (तांबूस तपकिरी). आणि चार वर्षांची नुकरी (पांढरी), अजून एकदाही न व्यायलेली. शिंगरू मुश्कीचं, ती विकत घेतली तेव्हाच गाभण होती. नर घोडा सहा वर्षांचा, मारवाडी वळणाचा अबलख (दुरंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा). काकाजींनी तो डिसेंबरात दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घेतला. गळ्यावर देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) होतं म्हणून किंमत जास्त दिली.

भोवरे बघून घोडा घ्यायची आपली रीत जुनी आहे. तिचा अनादर करायचा नाही, पण एक सांगतो: हा घोडा आजवर कुठे ठेवला होता, इतर घोड्यांसोबत राहिला आहे का, माणूस ठाणात शिरल्यावर काय करतो, यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. रक्ततपासणीही झाली नव्हती. बाहेरून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्स आणि संसर्गजन्य रक्तक्षयासाठी तपासणी झाल्याशिवाय तो आपल्या घोड्यांजवळ आणू नये. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या तपासण्या होतात. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. आम्ही नमुने उशिरा, मार्चमध्ये पाठवले. सगळे निर्दोष आले. तोवर तीन महिने हा धोका सगळ्यांच्या डोक्यावर होता.

पहिली तक्रार

फेब्रुवारीच्या मध्यावर काकाजींचा फोन आला. घोडा वाळत चालला होता, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. स्वतःच्याच कुशीला चावे घेत होता. सईस (घोड्यांची निगा राखणारा माणूस) खरारा करायला जवळ गेला की पुढचा पाय मारायचा.

घोडा वाळला की आपल्या भागात पहिली शंका सर्राची घ्यायची. हा रोग चावऱ्या माश्यांमुळे पसरतो, बहुतेक पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच. हा घोडा तर यात्रेतून आलेला. रक्ताची काच तपासली, जंतू दिसले नाहीत. दात घासून दिले, जंताचं औषध दिलं. मग खुराक विचारला. दिवसाला चार किलो हरभरा आणि जव, "पैदाशीचा घोडा आहे, ताकद पाहिजे" म्हणून. वैरण मात्र सकाळ-संध्याकाळ एक-एक पेंढी. चारशे किलोच्या घोड्याला रोजची सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागते, आणि ती दिवसभर थोडी थोडी पोटात जावी लागते. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं. तोंड रिकामं राहिलं की ते आम्ल जठराच्या भिंतीला लागतं. वरून दाण्याची गरमी. मी दाणा निम्मा करायला आणि ज्वारीचा कडबा कुट्टी करून चार वेळा द्यायला सांगितलं. सोयाबीनचं कुटार बंद केलं, ते धुळकट होतं आणि बुरशीचा वास येत होता.

सईस यवतमाळकडचा, पन्नाशीचा माणूस. मी निघताना तो गाडीजवळ आला. "डॉक्टरसाहेब, घोडा खराब नाही जी. त्याले दिवसभर घोड्या दाखवता अन् जाऊ देत नाही. माणूस असता तरी येडा झाला असता."

त्याचं म्हणणं मला पटलं होतं. पण करायचं काय, ते मी त्या दिवशी ठरवू शकलो नाही. मोकळा सोडायला जागा नव्हती, आणि बांधून ठेवायला काकाजींकडे याच्यापेक्षा लांबची जागा नव्हती.

दिवस मोठा होऊ लागला की घोडीचं अंडाशय जागं होतं. आपण एकवीस अक्षांशावर आहोत, थंड देशांसारखी हिवाळ्यात पूर्ण बंदी इथे नसते, तरी फेब्रुवारीपासून माज ठळक व्हायला लागतो. एक फेरा साधारण एकवीस दिवसांचा, त्यात पाच ते सात दिवस माज. तीन घोड्या म्हटल्यावर महिन्यातले पंधरा-वीस दिवस कुणी ना कुणी माजावर. आणि हा घोडा पिछाडीला बांधलेला, नाकाशी वास घेऊन.

ती पहाट

होळीनंतर चौथ्या दिवशी पहाटे पावणेपाचला फोन आला. घोड्याने अगाडी तोडली होती, पिछाडीची मेख उपटली होती आणि काटेरी तारेतून आरपार घोड्यांमध्ये गेला होता. सईस मध्ये पडला, त्याला धक्का लागून मनगटाचं हाड मोडलं होतं.

मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. घोडा छातीवर रक्ताने माखलेला, वीतभर लांब जखम, कातडं लोंबत होतं. पण मला भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. त्याचं लिंग सुजून काळं-निळं पडलं होतं, आत जात नव्हतं. तो आधी फाटकाजवळच्या कुमैतवर गेला होता आणि तिने दोन्ही पायांनी लाथ घातली होती. मग नुकरीवर गेला. नुकरी पूर्ण माजावर होती, तिने घेतलं. काकाजींच्या धाकट्याने हे टॉर्चच्या उजेडात पाहिलं होतं.

नर घोड्याला अशी लाथ बसणं ही आणीबाणी असते. सुजलेला भाग खाली लोंबत राहिला की पाणी साचतं, पाणी साचलं की वजन वाढतं, आणि दोन दिवसांत तो भाग कायमचा निकामी होऊ शकतो. पहिलं काम तो भाग वर उचलून धरायचं. काकूंनी जुन्या ओढण्या दिल्या, त्यांची झोळी करून पाठीवरून बांधली. विहिरीच्या गार पाण्याची धार, वीस मिनिटं, दिवसातून चार वेळा. सूज उतरवायचं इंजेक्शन. गुंगी दिली, पण औषध जपून निवडलं. घोड्यांना शांत करायला सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका गटातल्या औषधांनी नराचं लिंग लुळं पडून तसंच राहण्याचा धोका असतो. इथे तर ती अजिबात चालली नसती. छातीची जखम धुतली, शिवली, खाली निचऱ्याला वाट ठेवली. धनुर्वाताची लस जानेवारीत झाली होती, एक डोस पुन्हा दिला.

तीन आठवडे लागले. पहिले पाच दिवस काकू स्वतः पाण्याची नळी धरून उभ्या राहायच्या, कारण सईसाचा हात गळ्यात. घोडा वाचला आणि कामाचाही राहिला, त्याचं श्रेय त्या पाण्याला आणि त्या बाईंच्या चिकाटीला आहे.

सोनोग्राफीत निघालं ते

पंधरा दिवसांनी, एप्रिलच्या पहिल्या तारखेला, यंत्र घेऊन गेलो. नुकरी फळली का ते बघायचं होतं, आणि फळली असेल तर जुळं नाही ना, हेही. घोडीला जुळं झेपत नाही. बहुतेक वेळा दोन्ही जातात, कधी घोडीही जाते. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाच्या पिशव्या गर्भाशयात फिरत असतात, तोवर दोनातली एक हाताने दाबून काढता येते. नंतर अवघड होतं. नुकरीत एकच पिशवी होती, गोल, दिवसाच्या मानाने नेमकी. सगळ्यांना बरं वाटलं.

मुश्की रिकामी. मग हात लावलाच आहे म्हणून कुमैतलाही बघितलं.

कुमैतच्या पोटात गर्भ होता. पंधरा दिवसांचा नव्हे. हृदयाचे ठोके स्पष्ट दिसत होते, आणि गर्भ पिशवीच्या वरच्या टोकाला जाऊन नाळेला लोंबकळत पुन्हा खाली उतरायला लागला होता. ही अवस्था चाळीस दिवसांनंतरची. म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. तेव्हा अबलख अगाडी-पिछाडीला होता, त्याच्या पायांवर दोराचे वळ होते.

मी सईसाकडे बघितलं. त्याने खाली मान घातली. "पोट्टं चढलं होतं जी तिच्यावर, शिवरात्रीच्या आधी. दोनदा पाह्यलं. खेळतेय म्हटलं."

चौदा महिन्यांचं शिंगरू. बहुतेक नर शिंगरं दीड ते दोन वर्षांत पैदाशीला समर्थ होतात, पण वर्ष उलटल्यावर काही त्याआधीच होतात. हे मला पाठ होतं. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलो तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. तरी जानेवारीत मी सरासरी सांगितली, शक्यता सांगितली नाही. ज्या फार्मवर नर शिंगरं वेगळी ठेवायला जागाच नाही, तिथे सरासरी कामाची नसते.

आता त्या पहाटेचा अर्थही लागला. कुमैत तेव्हा महिन्याची गाभण होती. गाभण घोडी नराला जवळ येऊ देत नाही, कान मागे टाकते, किंचाळते, लाथा घालते. मोकळ्या जागेत नर दोन लाथांच्या इशाऱ्यावर मागे सरतो. इथे चाळीस फुटांच्या कोपऱ्यात तिलाही मागे जायला जागा नव्हती आणि त्यालाही.

काकाजी खचले. त्यांना अबलखची शिंगरं हवी होती. "गर्भ पाडून टाका डॉक्टर, पुन्हा लावू." मी नाही म्हणालो, त्याचं कारण इथे नीट लिहितो, कारण हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. साधारण पस्तिसाव्या दिवसापर्यंत एका इंजेक्शनने घोडीचा गर्भ उतरतो आणि ती पुन्हा माजावर येते. छत्तिसाव्या-सदतिसाव्या दिवसापासून मात्र गर्भाशयाच्या अस्तरात वाटीसारख्या गाठी तयार होतात आणि त्या संप्रेरक सोडू लागतात. गर्भ गेला तरी या गाठी राहतात, चौथ्या महिन्याच्या आसपासपर्यंत. तोवर घोडी नीट फेऱ्यावर येत नाही. एप्रिलमध्ये पाडला असता तर कुमैत रिकामी राहिली असती आणि हंगामही गेला असता. शिवाय घोडी निरोगी, गर्भ निरोगी. काकूंनी विषय संपवला: "आलंय ते येऊ द्या."

शिंगरू त्याच संध्याकाळी संत्र्याच्या पलीकडे गेलं, दोन बकऱ्यांच्या सोबतीला. मुश्की दोन रात्री ओरडली. दिवाळीनंतर, माश्या कमी झाल्यावर आणि जमीन सुकल्यावर, मी त्याला खच्ची केलं. सहा आठवडे आणखी वेगळंच ठेवलं, कारण खच्ची केल्यावरही नळ्यांमध्ये काही दिवस जिवंत बीज राहतं. डिसेंबरअखेर ते ओळखीच्या एका घरी, मुलांना बसायला शिकवायला गेलं.

कुंपण

आता मुख्य प्रश्न. नराला ठेवायचं कुठे आणि कसं?

नेहमीचा सल्ला असा की त्याला दूर, नजरेआड, भिंतीमागे ठेवा. मी तो दिला नाही. रानात मोकळे राहणारे घोडे बघितले तर एक नर दोन-पाच घोड्यांसोबत वर्षभर राहतो, आणि त्यातला बहुतेक वेळ चरण्यात, उभं राहण्यात, एकमेकांची मान खाजवण्यात जातो. एकटा नर हा आपण तयार केलेला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमधल्या आवाँशच्या राष्ट्रीय अश्वकेंद्रात नर घोड्यांना शेजारच्या ठाणातल्या घोड्याला गजांमधून स्पर्श करता येईल अशी ठाणं करून पाहिली, तिथे सुरुवातीची धुसफूस ओसरल्यावर ते शेजारी शांतपणे नांदले. अबलखला सगळं दिसत होतं आणि काहीच शिवता येत नव्हतं. यातलं एक तरी बदलायला हवं होतं. दीड एकरात 'दिसू नये' हे जमणार नव्हतं.

पश्चिमेचा मुरमाड तुकडा त्याला दिला, चाळीस मीटर बाय पंचवीस. मुरमात खांब टिकतो हे एक कारण. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-वायव्येकडून येतो; घोडा पश्चिमेला असला की माजावरच्या घोडीचा वास बहुतेक वेळ त्याच्याकडे न जाता उलट्या दिशेला जातो. काटेरी तार सगळी काढली. घोड्याच्या फार्मवर काटेरी तार नको, एवढं कुणी ऐकलं तरी या लेखाचा उपयोग झाला. त्याऐवजी बोअरवेलचे जुने केसिंग पाइप, सहा फूट उंच, तीन फूट खड्ड्यात सिमेंटमध्ये. आडवे चार पाइप. आतल्या बाजूने वरच्या पाइपवर झटका मशीनची (शिवल्यावर विजेचा झटका देणारी) तार, तिला पांढरी पट्टी गुंडाळलेली म्हणजे लांबून दिसते. हे मशीन काकाजींकडे आधीच होतं, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी संत्र्याभोवती लावलेलं, सोलरचं. मग बारा फुटांची गल्ली सोडून घोड्यांचं कुंपण. या गल्लीतून वैरणीची गाडीही जाते आणि सईसही. नर आणि घोड्या यांच्यामध्ये एकच कुंपण असलं की ते कधी ना कधी तुटतं किंवा त्यातून पाय जातो. दोन कुंपणं आणि मध्ये मोकळी जागा, हा खर्च वाचवू नये.

गल्लीच्या उत्तर टोकाला मात्र दोन्ही पॅडॉक (कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागा) एका ठिकाणी जाणूनबुजून जोडले. तिथे चार फूट विटांची भिंत बांधली, वर उभे पाइप, वीतभर अंतरावर. नाक जातं, डोकं जात नाही, पाय तर नाहीच. त्या भिंतीपलीकडचा छोटा वाडा मुश्कीचा.

बाकी दिनक्रम सांगण्यासारखा थोडाच आहे. सकाळी पहिली वैरण घोड्याला, म्हणजे घोड्या बाहेर जाताना त्याचं तोंड भरलेलं असतं. त्याला रोज तासभर फिरवायचं, खोगीर घालून, रस्त्याने. दाणा दोन किलोवर आणला. मेमध्ये त्याच्या टाकीतून दिवसाला पन्नास लिटर पाणी संपायचं आणि मिठाची लादी महिनाभरात अर्धी व्हायची.

मेच्या सुरुवातीपर्यंत कुशीचे चावे थांबले.

घोडी लावणं

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुश्कीला लावायचं ठरलं. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आत हे उरकावं असा माझा आग्रह होता. घोड्याचं बीज तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात अंडकोष तापले की त्याचा परिणाम पुढे जून-जुलैपर्यंत दिसतो.

माज ओळखण्यासाठी त्याच गजांच्या भिंतीचा उपयोग झाला. मुश्की माजावर नसली की गजाजवळ येऊन कान मागे टाकायची आणि किंचाळून निघून जायची. माजावर आली तशी तिथेच पाठ करून उभी, शेपूट बाजूला, थोडं थोडं मुतायची. अबलख वरचा ओठ उलटवून तिचा वास घ्यायचा. तिसऱ्या दिवशी लावली, मग दर एका दिवसाआड, ती नको म्हणेपर्यंत. अंडं माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी सुटतं, पण तो दिवस आधी कळत नाही. एक दिवसाआड लावलं की तो सापडतो.

जागा मुरमाची, सपाट, न घसरणारी. मुश्कीचे मागचे नाल काढले, शेपटीला स्वच्छ पट्टी गुंडाळली. मागचा भाग आणि घोड्याचं अंग नुसत्या कोमट पाण्याने धुतलं. साबण किंवा जंतुनाशक वापरायचं नाही. त्याने कातडीवरचे निरुपद्रवी जंतू मरतात आणि उपद्रवी वाढतात. घोड्यासाठी वेगळा लगाम ठेवला, साखळीचा, फक्त याच कामाचा. फिरायला जाताना तो कधी घालायचा नाही. चार-सहा वेळांत घोड्याला कळतं की कोणत्या लगामाला काय काम आहे, आणि रस्त्यावर घोडी दिसली तरी तो उधळत नाही. दोन्ही माणसं घोडीच्या डाव्या हाताला, एकाच बाजूला, डोक्यावर हेल्मेट. घोडा सरळ मागून आणायचा नाही, डावीकडून तिरका आणायचा, म्हणजे तो तिला दिसतो आणि लाथेच्या रेषेत येत नाही. उतरताना घोडीचं तोंड घोड्याकडे वळवायचं, तिचा मागचा भाग आपोआप लांब जातो. घोड्याची शेपूट वर-खाली हलली तर काम झालं असं समजायचं.

पहिल्या वेळी अबलख थरथरत आला आणि घोडीजवळ येऊन थांबला. मार्चची लाथ त्याच्या लक्षात होती. सईसाने बऱ्या हाताने त्याची मान थोपटली, पाच मिनिटं थांबलो. मुश्की हलली नाही. ती जाणती घोडी होती म्हणून हे जमलं. नवख्या नराला पहिल्यांदा नवखी घोडी देऊ नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुश्की गाभण असल्याचं नक्की झालं, आणि तिला गजांपलीकडच्या वाड्यात कायमचं ठेवलं. पोळ्यापर्यंत काळ्या मातीतले चार जुने खांब पुन्हा कलले, ते सरळ केले. पावसाळ्यात खुरांना चिखलाने सड लागली, दोघींना. त्याव्यतिरिक्त त्या चार महिन्यांत मला बोलावणं आलं नाही.

हिशेब

नोव्हेंबरात काकाजी आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसून कागदावर मांडलं. कुमैत जानेवारीत विणार, नुकरी फेब्रुवारीत, मुश्की एप्रिलच्या सुरुवातीला. तीनशे चाळीस दिवस धरले, दहा-वीस मागेपुढे. तीन घोड्या, तीन शिंगरं, एक नर: दीड एकरात सात जीव. व्यायल्यावर सातव्या ते दहाव्या दिवशी घोडी पुन्हा माजावर येते, म्हणजे नराला पुन्हा जपायचं. सहा महिन्यांनी शिंगरं तोडायची, नर शिंगरं वर्षाच्या आत वेगळी करायची (आता मी वर्षाच्या आत म्हणतो, त्याहून एक दिवस जास्त नाही), मादी शिंगरं बापापासून वेगळी ठेवायची. या प्रत्येक ओळीला एक पॅडॉक लागतो, आणि काकाजींकडे एकूण पॅडॉक तीन.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की एवढ्या जागेत नर ठेवणं जमतं, पण मग पूर्ण फार्म त्याच्याभोवती फिरतं. त्यांना खरोखर पैदास करायची आहे, की चांगला घोडा हवा आहे? पैदास हवी तर दोन वर्षांतून एकदा चांगल्या नराकडे घोडी नेऊन लावता येते. देवमण असलेल्या घोड्याला खच्ची करायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी आग्रह केला नाही. तीन आठवडे गेले. मग काकूंचा फोन आला, "केव्हा येता?"

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अबलखला खच्ची केलं. सात वर्षांचा घोडा, शस्त्रक्रिया शिंगरापेक्षा मोठी, रक्त जास्त. शिरा बांधून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज चालवला म्हणजे सूज धरत नाही. मोठ्या वयात खच्ची केलेल्या काही घोड्यांत नराच्या सवयी उरतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

कुमैत जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनला व्यायली, मादी शिंगरू, जार तासाभरात पडला. सईसाने तिचं नाव शिवा ठेवलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर, सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, मुश्की आणि अबलख यांना पहिल्यांदा एकत्र सोडायचं होतं. आठ महिने शेजार झाला होता, तरी ती दहा महिन्यांची गाभण, म्हणून दोनच तास आणि आम्ही तिघं बाहेर. झटक्याची तार सकाळीच काढून टाकली होती. सईसाने गल्लीचं फाटक उघडलं. अबलख दुडक्या चालीने आला आणि जिथे तार होती तिथे येऊन थांबला. मोकळ्या जागेचा वास घेतला, मागे सरला, पुन्हा आला. दहा मिनिटं तो पुढे पाऊल टाकेना. शेवटी मुश्की आपल्या जड चालीने गल्ली ओलांडून त्याच्या बाजूला गेली, त्याच्या मानेच्या मुळाशी दात लावून खाजवायला लागली, आणि तो मान खाली घालून उभा राहिला.